आधी माणूस, मग पंचनामा



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा अधिकार मला नाही. वाचनाची आवड आहे, एवढेच. मात्र आमच्या पद्धतीत रोग्याचा पूर्वेतिहास फार बारकाईने विचारावा लागतो. त्रास कधीपासून, कशाने सुरू झाला, घरात आधी कुणाला होता का, असे आम्ही खोदून खोदून विचारतो. आज तीच सवय मी एका सामाजिक दुखण्याला लावून पाहणार आहे. ते दुखणे म्हणजे रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला हात लावण्याची आपल्याला वाटणारी भीती. तिचा पूर्वेतिहास शोधताना मला पोलिसांच्या कर्तव्यांचा इतिहास वाचावा लागला. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. गोष्ट १९८०च्या दशकातली आहे. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या एका गावात मी नुकताच दवाखाना थाटला होता. एका रात्री नऊच्या सुमारास ट्रकने एका सायकलस्वाराला उडवले. लोकांनी मला बोलावले. मी गेलो तेव्हा वीस-पंचवीस माणसे गोल करून उभी होती आणि त्या माणसाला कुणीही हात लावलेला नव्हता. मांडीतून रक्त जात होते. मी घट्ट पट्टी बांधली. त्याला ताबडतोब मोठ्या इस्पितळात हलवायला हवे होते. शेजारी एक टेम्पोही उभा होता. पण गर्दीतून आवाज आला, "पोलीस आल्याशिवाय हलवू नका. पंचनामा व्हायचाय. उगाच तुमच्यावर येईल." मी थांबलो. माझे वय तिशीच्या आत, दवाखाना नवा, कोर्टकचेरीचे नाव काढले की अंगावर काटा येणारे घर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच वाढलेलो. चाळीसेक मिनिटांनी हवालदार सायकलवरून आला. त्याने एकदा जखमीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "डॉक्टर, माझी वाट कशाला बघितलासा? गाडीत घालून न्यायचं होतं की. मी काय नको म्हटलो असतो काय?"

टेम्पोतून नेताना तो माणूस वाटेतच गेला. आधी नेला असता तर वाचला असता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हवालदाराचा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. तो स्वतः नको म्हणणार नव्हता. कायदाही नको म्हणत नव्हता, हे मला पुढे वाचनातून कळले. मग आम्हा वीस-पंचवीस माणसांना थांबवले कुणी?

नागरक, कोतवाल आणि गावचा राखणदार

म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता छापून प्रसिद्ध केली. त्यात शहराच्या बंदोबस्तावर एक प्रकरण आहे. शहराच्या अधिकाऱ्याला तिथे 'नागरक' म्हटले आहे. आपण समजतो की जुन्या काळचा कोतवाल म्हणजे चोर पकडणारा. पण या प्रकरणातला मोठा भाग आगीवर खर्ची पडला आहे. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या वेळी घरात चूल पेटवायची नाही. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, चामड्याची पखाल तयार ठेवायची. रस्त्यांवर आणि चौकांत पाण्याच्या भांड्यांच्या रांगा लावायच्या. आणि शेजारचे घर पेटले असता जो धावून जाणार नाही त्याला दंड, घरमालकाला बारा पण आणि भाडेकऱ्याला सहा पण. म्हणजे मदत करणारा तिथे अडचणीत येत नाही. उभे राहून पाहणाऱ्याला मात्र दंड भरावा लागतो.

त्याच प्रकरणात आम्हा डॉक्टर लोकांचीही आठवण ठेवली आहे. गुपचूप जखमेवर उपचार करणाऱ्या वैद्याने अधिकाऱ्याला वर्दी द्यावी; वर्दी दिली तर तो निर्दोष, लपवले तर दोषी. आजच्या 'मेडिकोलीगल केस'चा हा जुना पूर्वज म्हणता येईल. मात्र वर्दी देईपर्यंत उपचार थांबवा, असे तिथे म्हटलेले नाही. रात्रीच्या संचारबंदीचेही नियम आहेत, पण बाळंतपणासाठी निघालेले, वैद्य, प्रेत नेणारे, हातात दिवा घेतलेले आणि आगीकडे धावणारे यांना अडवायचे नाही, अशी स्पष्ट सूट आहे. २०२०च्या टाळेबंदीत गळ्यात ओळखपत्र अडकवून नाक्यानाक्यावर थांबताना मला या सुटीची फार आठवण झाली.

मोगलकाळातला 'कोतवाल' अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत सविस्तर भेटतो. त्याने घरोघरची नोंद ठेवायची, प्रत्येक मोहल्ल्याला एक मुखिया नेमायचा आणि रहिवाशांना एकमेकांच्या मदतीला बांधून घ्यायचे. चोरी, आग किंवा इतर आपत्ती आली की शेजाऱ्यांनी ताबडतोब धावायचे. योग्य कारणाशिवाय जो आला नाही तो जबाबदार. चोरीचा माल सापडला नाही तर कोतवालाने स्वतः त्याचा जाब द्यायचा. कोतवाल गुप्त बातमीदारही ठेवत असे आणि हा कारभार गोड होता असे कुणी म्हणणार नाही. पण आपत्तीत धावणे हे मोहल्ल्याचे आणि कोतवालाचे सामाईक काम होते.

आपल्या मराठी मुलखात गावपातळीवर पाटील आणि त्याच्या हाताखाली महार, रामोशी, आपल्या दक्षिण भागात बेरड, असे राखणदार असत. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोराचा माग ज्या गावच्या शिवेत जाई, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा, नाहीतर नुकसान भरायचे. राखणदाराला गावच पोसत असे, म्हणून तो गावालाच जबाबदार असे. त्यात जातीची उतरंड होती, वेठ होती, संशयावरून मारहाण होती. पण रात्री विहिरीत कुणी पडले तर हाक मारायची कुणाला, याचे उत्तर गावात प्रत्येकाला ठाऊक होते.

या जुन्या व्यवस्थेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. नाना फडणविसांच्या काळात पुण्याचा कोतवाल घाशीराम याने १७९१ साली काही तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून अपुऱ्या जागेत कोंडले. त्यांतले कित्येक गुदमरून मेले. लोक खवळले आणि घाशीरामाचा दगडांनी ठेचून अंत झाला. कोठडीतल्या माणसाला हवा, पाणी, उपचार मिळतात की नाही हे पाहणेही बंदोबस्त ठेवणाऱ्याचेच काम आहे, हा धडा आपल्या इतिहासात इतक्या कडू रीतीने लिहिलेला आहे. तो पुरता शिकायला पुढे फार काळ जावा लागला.

१८६१ : कर्तव्यांची यादी

इंग्लंडात रॉबर्ट पील यांनी १८२९ साली लंडनचे पोलीस दल उभारले. नि:शस्त्र, गणवेशातला, लोकांत वावरणारा शिपाई, आणि त्याचे पहिले काम गुन्हा घडू न देणे, अशी ती कल्पना होती. हिंदुस्थानात मात्र हा साचा आला नाही. सर चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंध जिंकल्यावर तिथे जे पोलीस दल बांधले त्याचा नमुना आयर्लंडच्या सशस्त्र कॉन्स्टेब्युलरीचा होता. आयर्लंड हा इंग्रजांनी दाबात ठेवलेला देश. त्याच सिंधच्या धर्तीवर १८५३ साली मुंबई इलाख्यातल्या पोलिसांची फेररचना झाली. १८५७ नंतर सरकारला दाब ठेवणारे दल अधिकच हवे होते. १८६० साली पोलीस कमिशन बसले आणि १८६१चा पाचवा कायदा झाला. मुंबई इलाख्याने १८६७ आणि पुढे १८९० साली आपले स्वतंत्र कायदे केले, तरी देशाच्या मोठ्या भागावर सत्ता चालली ती १८६१च्या कायद्याची. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या बांधवांनी तर तो स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके अनुभवला.

या कायद्याचे कलम २३ मी अनेकदा वाचले आहे. पोलिसाची कर्तव्ये त्यात मोजून दिली आहेत. वरिष्ठांचे हुकूम पाळणे, सार्वजनिक शांततेसंबंधी बातमी काढणे, गुन्हे आणि उपद्रव रोखणे, गुन्हेगार शोधून हजर करणे, पकडणे. जखमीला उचलणे, बुडणाऱ्याला वाचवणे, आगीकडे धावणे यांचा त्या यादीत उल्लेख नाही. नागरकाच्या प्रकरणात ज्याला एवढी जागा होती ते सारे इथे गळाले.

मेलेल्या माणसाची तजवीज मात्र चोख होती. १८६७च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यात अकस्मात मृत्यू झाला की पोलीस पाटलाने गावातली दोन किंवा अधिक समंजस माणसे जमवून पंचनामा करायचा, हे सांगितले आहे. नियम चांगलाच आहे, खून लपू नयेत म्हणून तो हवाच. पण पिढ्यान् पिढ्या गावकऱ्यांनी पोलीस पाहिला तो बहुधा अशाच वेळी, प्रेतापाशी कागद लिहिताना. अपघात म्हणजे पंचनामा आणि पंचनामा म्हणजे साक्ष, खेटे, जबाब, हे समीकरण अशा अनुभवांतून मनात बसले असावे. त्यात दलाचा लौकिकही वाईट. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या १९०२-०३च्या पोलीस कमिशनने, म्हणजे सरकारनेच नेमलेल्या मंडळाने, लोक पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी समजतात असे लिहून ठेवले.

एक गोष्ट याच काळात घडली तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आगीचे बंब मुंबईत एकोणिसाव्या शतकात बराच काळ पोलिसांच्या ताब्यात असत. १८८८च्या महापालिका कायद्यानंतर आगीपासून संरक्षणाची जबाबदारी महापालिकेकडे आली. काम सुधारले, यात शंका नाही. पण वाचवणारा एक आणि पकडणारा दुसरा, अशी वाटणी लोकांच्या मनात यामुळे पक्की झाली, असे मला वाटते.

प्लेगची वर्षे

या वाटणीवर शेवटचा खिळा ठोकला तो प्लेगने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली साथरोग कायदा झाला. पुण्यात तपासणीसाठी गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरात शिरल्या. देवघर, माजघर, बायकांची खोली, काही उरले नाही. २२ जून १८९७च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. साथ आपल्या बेळगाव-धारवाड भागातही पसरली.

डॉक्टर म्हणून मला त्या घटनेची दुसरी बाजू दिसते. रोग्याला वेगळे ठेवणे, घर रिकामे करणे, सामान जाळणे यामागे त्या काळचे वैद्यकशास्त्र होते. हेतू जीव वाचवण्याचा होता. पण मदत बंदुकीच्या धाकाने घरात शिरली तर लोक रोगी लपवू लागतात, आणि रोगी लपवला की साथ वाढते. पुण्यात तेच झाले. ज्या दलाने कधी आपल्याला उचलून पाणी पाजले नाही, त्याने एके दिवशी येऊन 'तुझ्या भल्यासाठी दार उघड' म्हटले तर कोण विश्वास ठेवणार? तो १८९७चा कायदाच २०२० साली पुन्हा कामाला आला. त्या वेळी काही ठिकाणी पोलिसांनी काठी चालवली हे खरे, पण अनेक ठिकाणी त्यांनीच अन्नाची पाकिटे वाटली आणि ज्यांना खांदा द्यायला कुणी नव्हते त्यांना शेवटचा निरोप दिला, हेही खरे. सव्वाशे वर्षांत काहीतरी बदलले होते. ते कसे बदलले, तेच पाहायचे आहे.

कलम ६६

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली नवा पोलीस कायदा केला. जिल्ह्यांचे आणि मुंबई शहराचे दल त्याने एक केले. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी काय झाले ते इथे सांगायची गरज नाही आणि त्या वादात आज शिरायचेही नाही. सांगायचे ते एवढेच की हा कायदा आपल्या भागालाही लागू होता. राज्याचे तुकडे झाल्यावर तो महाराष्ट्रात आणि गुजरातेत, म्हणजे वडोदऱ्याच्या मराठी घरांनाही, लागू राहिला. आणि आपल्याकडे पुढे जो १९६३चा कायदा आला त्याचा साचाही बराचसा याच्याच जवळचा आहे.

त्या मुंबई कायद्याचे कलम ६६ जनतेविषयीच्या कर्तव्यांचे आहे. रस्त्यावरच्या अपंग आणि असहाय माणसांना शक्य ती सर्व मदत करणे. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्यांना ताब्यात घेऊन सांभाळणे. अटकेतला माणूस जखमी वा आजारी असेल तर तातडीने मदत मिळवून देणे, त्याच्या अन्नाची आणि निवाऱ्याची सोय करणे. झडती घेताना विनाकारण उद्धटपणा न करणे. बायकामुलांशी सभ्यतेने, सौम्यपणे वागणे. आगीने होणारे नुकसान टाळण्यासाठी आणि जनतेवरचा अपघात वा धोका टाळण्यासाठी पराकाष्ठा करणे. नागरक, मोहल्ल्याचा कोतवाल, गावचा राखणदार, घाशीरामाच्या कोठडीचा धडा, सगळे या एका कलमात परत आले आहे.

माझ्या त्या रात्रीच्या हवालदाराने असली कलमे वाचली होती की नाही, मला माहीत नाही. पण तो वागला ते त्यांना धरूनच. मी आणि ती गर्दी मात्र मनाने अजून प्लेगच्या वर्षांतच उभे होतो.

सर्वोच्च न्यायालय आणि वाटेवरचा भला माणूस

भीती फक्त गर्दीत होती असे नाही, ती आमच्या धंद्यातही होती. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, आम्हाला मेडिकोलीगल केस घेण्याचा अधिकार नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्या. तो वाटेत मेला. ही बातमी वर्तमानपत्रात वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्या. रंगनाथ मिश्र आणि न्या. ओझा यांनी निकाल दिला : डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि कोणताही कायदा वा सरकारी रीत त्याच्या आड येऊ शकत नाही. पोलिसांचे सोपस्कार नंतर. हा निकाल मी वाचला तेव्हा माझा तो अपघात होऊन काही वर्षे झाली होती. दवाखान्याचे दार लावून मी बराच वेळ बसून राहिलो होतो.

निकालानंतरही बघ्यांची भीती गेली नाही. २००६ साली विधी आयोगाने आपल्या २०१व्या अहवालात अपघातग्रस्तांच्या तातडीच्या उपचारांचाच विषय घेतला. त्याच वर्षी प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश निघाले, आणि सोली सोराबजी समितीच्या आदर्श पोलीस कायद्याच्या मसुद्यात धोक्यात सापडलेल्यांना आणि आपत्तिग्रस्तांना साहाय्य करणे हे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले गेले. मे २०१५मध्ये केंद्राने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक केली. आपल्या कर्नाटकाने २०१६ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०१८ साली त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. 'गुड समॅरिटन', म्हणजे वाटेवरचा भला माणूस, याला देशभर संरक्षण मिळाले.

या सगळ्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगतो, कारण घरी जाताना एवढे तरी सोबत न्यावे अशी माझी इच्छा आहे. जखमीला इस्पितळात नेणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. इस्पितळ त्याला अडकवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या इच्छेवर आहे. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला त्याच कायद्यात आता 'गोल्डन अवर' म्हणून व्याख्या मिळाली आहे. माझ्या त्या रात्रीच्या तासातली चाळीस मिनिटे कशात गेली, ते मी सांगितलेच आहे.

सोयीही आल्या. कर्नाटकात २००८पासून १०८ची रुग्णवाहिका आहे. पोलीस, आग आणि वैद्यकीय मदत यांचे वेगवेगळे क्रमांक एकत्र करून देशभर ११२ हा एक क्रमांक आला. कोतवालाकडून बंब काढून घेतले, वैद्य वेगळा झाला आणि आता पुन्हा एका हाकेत तिघेही आले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, घटप्रभा एकदम चढल्या, महामार्ग काही दिवस बंद पडला, तेव्हा पाण्यात उतरलेल्या गणवेशांकडे लोक भीतीने पाहत नव्हते. म्हाताऱ्या बायका त्यांच्या हातात हात देत होत्या.

तरीही रोग गेला असे मी म्हणणार नाही. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या अजून येतात. ठाण्यात जाताना ओळखीचा माणूस सोबत न्यावा असे अजून वाटते. कलम कागदावर आले म्हणजे ते वागणुकीत उतरले असे होत नाही, आणि १८६१ची सवय काही एका सहीने सुटत नाही. पोलिसांना यासाठी प्रशिक्षण, माणसे आणि झोप हवी. आपल्याकडूनही काही हवे.

आमच्या जैन परंपरेत चार दाने सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. औषधदान माझ्या पेशाला जवळचे. पोलिसाच्या वाट्याला अभयदान आले आहे, असे मला वाटते. लोकांनी भ्यावे म्हणून नेमलेले दल लोकांना निर्भय करणारे व्हावे, हाच या दोनशे वर्षांच्या इतिहासाचा प्रवास आहे, आणि तो अजून अर्ध्या वाटेवर आहे. पण अभय एका बाजूने देता येत नाही, समोरच्याने ते घ्यावेही लागते. हवालदार त्या रात्री ते द्यायला तयार होता. घ्यायला मी तयार नव्हतो.

त्यानंतर माझ्या दवाखान्यापुढून जखमी माणूस तसाच कधी पडून राहिला नाही. आधी गाडीत घालतो, मग फोन करतो. कुणीही मला आजवर त्रास दिलेला नाही. उद्या तुमच्यापुढे असा प्रसंग आला आणि गर्दीतून कुणी म्हणाले, "पोलीस येऊ देत", तर त्याला सांगा, पोलिसांनाही तेच हवे आहे. आधी माणूस, मग पंचनामा.